पौषातला दिवस उन्हावर कसा बेतावा

पौष लागला की मांडव उतरतात. लग्न नाही, मुंज नाही. जुनी माणसं याला भाकड महिना म्हणतात. सातारा-सांगलीत खरी थंडी पडते ती याच दिवसांत, आणि असतेही मोजकी: डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी सरेपर्यंत, फार तर सहा-सात आठवडे. उशिरा उठणं, घाईची आंघोळ आणि दिवसभर चहा यातच हे दिवस निघून जातात, आणि रथसप्तमीनंतर ऊन चटकायला लागलं की हळहळ वाटते. कार्यं नाहीत, आहेर नाहीत, प्रवास नाहीत, तर या मोकळ्या महिन्याला रोजचं एखादं सुखाचं काम लावून द्यावं. ते कसं लावायचं, हे इथे सांगतो.

आपल्याकडची थंडी दिवसभर राहत नाही. पहाट गार, अकरा ते चार अंगावर घ्यावंसं वाटेल असं ऊन, आणि दिवेलागणीनंतर पुन्हा गारठा. म्हणून पौषातली कामं उन्हाच्या चालीने लावायची. एकदा हे जमलं की बाकीचं सोपं आहे.

आधी ऊन शोधा

हिवाळ्यात सूर्य डोक्यावर येत नाही. 22 डिसेंबरच्या सुमारास साताऱ्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण 49 अंशांवर, दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे एरवी कोरडी सावली असलेली दक्षिणेची खिडकी या दिवसांत घरातली सर्वांत उबदार जागा होते. खिडकीची वरची चौकट सात फुटांवर असेल आणि वर छज्जा नसेल, तर दुपारी ऊन सहाएक फूट आत येतं. उत्तरेकडच्या खोलीत मात्र दोन महिने कवडसाही पडत नाही. थंडी बाधते म्हणून तक्रार करणाऱ्या आजी-आजोबांची खाट पुष्कळदा नेमकी त्याच खोलीत असते. दोन महिन्यांपुरती ती दक्षिणेला हलवा. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

एका रविवारी खडू घेऊन हे काम करा. सकाळी 8, 10, 12, 2 आणि 4 वाजता घरात, ओट्यावर आणि गच्चीत ऊन कुठपर्यंत आलंय त्याच्या रेघा मारा. संध्याकाळी तुमच्या हातात घराचा नकाशा असेल: सकाळचा चहा कुठे प्यायचा, अभ्यासाचं टेबल कुठे लावायचं, वाळवण कुठे टाकायचं. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या अगदी पायथ्याला राहणाऱ्यांनी हे आवर्जून करावं. किल्ला गावाच्या दक्षिणेला आहे आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून चढतो, त्यामुळे डोंगराला टेकलेल्या घरांना ऊन उशिरा मिळतं. तिथे पहाटेची कामं तासभर पुढे ढकलावीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. सर्वांत लहान दिवस डिसेंबरात असला, तरी सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उशिराच होत जातो. जानेवारीच्या मध्यावर तो सातच्या पुढे असतो. पाचचा गजर लावून दोन दिवसांत हार मानण्यापेक्षा सव्वासहाला उठा आणि उजाडताना घराबाहेर पडा. संध्याकाळ मात्र नोव्हेंबरअखेरपासूनच हळूहळू लांबायला लागलेली असते. तो उजेड संध्याकाळच्या फेरीला वापरता येतो.

सकाळची फेरी

साताऱ्यात अजिंक्यतारा, सांगलीत कृष्णेचा घाट. दोन्हीकडे पहाटेची गंमत वेगळी आहे आणि काळजीही वेगळी.

अजिंक्यताऱ्यावर वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. गावातून चालत निघालात तर तब्येतीप्रमाणे पाऊण ते सव्वा तास लागतो. रात्रभर गार हवा जड होऊन खाली खोऱ्यात उतरते, म्हणून वारा पडलेला असेल तर पहाटे वरच्यापेक्षा माहुलीच्या संगमावर गारठा जास्त बोचतो. धुक्याचा आणि चुलींच्या धुराचा पट्टाही खालीच बसलेला असतो. वरून तो नदीच्या वळणावळणाने पसरलेला दिसतो. सूर्य वर आल्यावर तासाभरात तो विरतो, म्हणून पोचायची वेळ सूर्योदयाची धरा.

कपड्यांत बहुतेकांची चूक होते ती इथे. घरातूनच कानटोपी, स्वेटर, जाकीट चढवून निघायचं, अर्ध्या चढावर घामाने बनियन भिजतं आणि माथ्यावरचा वारा लागला की हुडहुडी भरते. घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पहिल्या दहा मिनिटांत स्वेटर काढून कमरेला बांधा, वर पोचून थांबलात की लगेच घाला. पाठीवरच्या पिशवीत एक कोरडं बनियन ठेवा. छोटी गोष्ट आहे, पण सर्दीचे आठ दिवस वाचवते.

सांगलीत नदीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून कृष्णेवर पहाटे वाफ तरंगते. घाटावर बसून ती पाहायची असेल तर सूर्योदयाआधी पंधरा मिनिटं तिथे असावं. ऊन पाण्यावर पडलं की ती दिसेनाशी होते. चालायला 1929 सालचा आयर्विन पूल आहे, आणि वेळ असेल तर हरिपूरचा रस्ता. तीन-चार किलोमीटरवर कृष्णा-वारणेचा संगम लागतो.

धोका आहे तो उसाच्या ट्रॅक्टरचा. गाळप हंगाम ऐन भरात असतो, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पहाटे धुक्यात धावत असतात आणि मागचा दिवा असेलच याचा भरवसा नसतो. गावाबाहेरच्या रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा, म्हणजे उजव्या बाजूने चाला. अंगावर पांढरं काहीतरी असू द्या आणि कानात गाणी नकोत. दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी पहाट सोडून द्यावी आणि आठनंतर, ऊन अंगावर घेत चालावं.

रविवारची आंघोळ

अभ्यंग फक्त दिवाळीत करायचं असं कुणी ठरवलं कळत नाही. कातडी उलते ती पौषात, तेलाची गरज तेव्हाच. मोठ्या माणसाला सगळ्या अंगाला 30 ते 40 मिली तिळाचं तेल पुरतं. वाटी थेट गॅसवर ठेवू नका, तेल चटकन तापून पोळतं. गरम पाण्याच्या भांड्यात ती पाच मिनिटं ठेवा. खोबरेल या दिवसांत बाटलीतच गोठतं, त्याच्यासाठीही हाच उपाय. सांध्यांवर गोल, हातापायांवर लांब हात फिरवा, आणि खडूने खूण केलेल्या उन्हात वीस मिनिटं बसा. नंतर दोन चमचे डाळीचं पीठ, अर्धा चमचा आंबेहळद आणि लागेल तेवढं दूध यांचं उटणं. साबण काखेत आणि जांघेत तेवढा लावा, सगळीकडे लावला तर तेल लावल्याचा उपयोग राहत नाही. न्हाणीघरात पायाखाली गोणपाट टाकायला विसरू नका, तेलकट फरशीवर घसरून हाड मोडल्याच्या गोष्टी दर हिवाळ्यात ऐकू येतात.

अजून घरात तांब्याचा बंब असेल तर तो महिनाभर तरी वापरात आणा. गच्चीवर सोलर असेल तर हे लक्षात घ्या की त्याचं पाणी दुपारी चार-पाचला सर्वांत कढत असतं आणि रात्रभरात निवत जातं. सुट्टीच्या दिवशी आंघोळ पुढे ढकलली तर वीजही वाचते आणि न्हाऊन पुन्हा उन्हात बसता येतं.

वाकळा

पांघरुणं उन्हात घालणं हे काम वाटतं, पण ते नीट केलं तर रात्रीचं सुख आहे. वाकळ अकराला गच्चीत टाका, एकला उलटा, आणि ऊन उतरायच्या आत, साडेतीनला, घडी करून घरात आणा. पाचपर्यंत बाहेर राहिली तर हवेतला ओलावा पुन्हा शोषते आणि सगळी मेहनत वाया जाते. गरम असतानाच घडीवर घडी घालून वर उशी ठेवली तर ऊब रात्रीपर्यंत टिकते. घोंगडं असेल तर तेही उन्हात घाला, पण मशीनमध्ये धुऊ नका. लोकर आटते आणि घोंगडं ताठ होतं. झटकायचं, ऊन द्यायचं, डाग पडला तर तेवढाच भाग साध्या थंड पाण्याने पुसायचा.

घरात जुन्या सुती साड्या साठल्या असतील तर वाकळ शिवायला हाच महिना. चार ते पाच साड्यांचे थर पुरतात. सगळ्या सुतीच हव्यात: मधे एखादी नायलॉनची घातली की ती सरकते, गोळा होते आणि दोन धुण्यांत गठ्ठे पडतात. थर जमिनीवर ताणून चारी बाजूंनी मोठे टाके घालून पक्के करा. मग धावदोरा कडेने सुरू करून आत आत जा, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. रोज दुपारी उन्हात बसून दोन-तीन ओळी झाल्या तरी महिन्यात वाकळ होते. टाके दोन टोकांकडून घालत आणलेत तर मधे फुगा येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही.

हुरडा

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा रब्बी ज्वारीचा पट्टा. जानेवारीत तिथे कणसं हुरड्यात येतात. एका शेतात हुरड्याचे दिवस जेमतेम आठ-दहा असतात, त्यामुळे ओळखीच्या शेतकऱ्याला आधी विचारून जावं. गुळभेंडी आणि सुरती ही हुरड्याची खास वाणं, दाणा गोड आणि कोंड्यातून सहज सुटणारा. मालदांडीचाही होतो, जरा चिवट लागतो.

दाणा नखाने दाबून पाहा. पातळ पाणी उडालं तर अजून चार-पाच दिवस थांबा. घट्ट दूध निघालं आणि दाणा हिरवा, भरलेला असला की बरोबर. दूध निघतच नाही आणि पिठासारखं लागतं म्हणजे वेळ टळली. कणसं खुडली की त्याच दिवशी भाजा. दाण्यातली साखर लवकर उतरते आणि दुसऱ्या दिवशी गोडी निम्मी राहते.

आगटीसाठी दीड फूट रुंद आणि वीतभर खोल खड्डा करा. पंधरा-वीस कणसांना दहा-बारा वाळलेल्या गोवऱ्या लागतात. गोवरी आतून ओलसर असली तर धूर होतो आणि हुरड्याला त्याचा वास लागतो. ज्वाळ पूर्ण बसू द्या. लाल निखारा आणि वर राखेचा पातळ थर दिसला की कणसं आडवी खुपसा, दांडे बाहेर ठेवा. दोन ते चार मिनिटांत दाणे तडतडतात, तेवढ्यात एकदा फिरवून घ्या. ज्वाळेवर धरलेलं कणीस वरून काळं आणि आत कच्चं राहतं; घाई करणाऱ्यांचं हमखास असंच होतं.

खरी कला चोळण्यात आहे. कणीस हाताला चटका बसेल इतकं गरम असतानाच तळहातांत किंवा गोणपाटावर चोळा. दाणे टपटप गळतात, हिरवेगार, अंगावर राखेचा एखादा कण घेऊन. सुपात घालून दोनदा पाखडले की कोंडा उडतो. कणीस निवलं तर दाणा कोंड्याला घट्ट चिकटतो, मग कितीही चोळा. म्हणून एकाने भाजायचं, एकाने चोळायचं, आणि खाणाऱ्यांनी आगटीभोवतीच बसायचं. ताटात वाढून घरात नेलेल्या हुरड्यात काही राम राहत नाही.

सोबत चटणी हवी: एक वाटी भाजलेले शेंगदाणे, आठ-दहा लसूणपाकळ्या, दोन चमचे तिखट, मीठ, खलबत्त्यात जाडसर कुटलेलं. मिक्सरला लावलीत तर तेल सुटून गोळा होतो. गूळ, रेवड्या, घट्ट दही. हुरडा जड असतो. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन मुठींवर थांबावं आणि वर ताक घ्यावं.

शेतावर जाणं जमत नसेल तर बाजारातून कणसंच आणा आणि गॅसवर जाळी ठेवून दोन-दोन भाजा. सुटा हुरडा घेताना वास घेऊन पाहा, पिशवीत बंद राहिला तर एका दिवसात आंबतो.

संक्रांतीची तयारी: काटेरी हलवा

बाजारात किलोवर मिळतो म्हणून हलवा घरी करणं जवळजवळ बंद झालंय. पण पौषातल्या सकाळसाठी याहून सुंदर काम सापडणार नाही. रोज पाऊण तास, पाच-सहा दिवस. कोरडी गार हवा लागते, म्हणून तो पहाटे करतात आणि म्हणून तो उन्हाळ्यात होत नाही. जानेवारीच्या चार तारखेला सुरू केलात तर संक्रांतीआधी निवांत तयार होतो.

सामान थोडं आहे. पॉलिशचे पांढरे तीळ 2 मोठे चमचे, चाळून घेतलेले. साखर 2 वाट्या, पाणी 1 वाटी, दूध 1 चमचा. जाड बुडाची परात किंवा पसरट कढई, आणि गॅसवर ठेवायला लोखंडी तवा, म्हणजे परातीला थेट आच लागत नाही. आपल्या आज्या शेगडीत राख झाकलेले निखारे घेत, त्याच्या जवळ जाणारी ही सोय.

साखर आणि पाणी उकळा, उकळी आली की दूध घाला. वर काळसर मळी येईल ती चमच्याने काढा. पाक बोटांत चिकट लागला पाहिजे, पण तार धरता कामा नये. गाळून वाटीत घ्या आणि वाटी गरम पाण्यात ठेवा, थंडीत पाक लगेच जमतो.

परात मंद तापवा. बोट टेकवलं तर ऊब लागावी, चटका नको. तीळ घाला, त्यावर अर्धा चमचा पाक, आणि बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने फिरवत राहा. आधी तीळ एकमेकांना चिकटतात, मग ओलसर चमकतात, मग एकदम कोरडे होऊन सळसळ आवाज करतात. तो आवाज आला की पुढचा अर्धा चमचा. घाईने आधीच घातलात तर गठ्ठे होतात. पहिल्या दिवशी असे पंधरा-वीस हात झाले की पुरे. तीळ फक्त पांढरे झालेले दिसतील, निराश होऊ नका. चाळणीने खालचा साखरेचा भुगा काढा आणि परातीवर पातळ मलमल झाकून ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काटा धरायला लागतो. दाणा हातात घेऊन उजेडाकडे धरा, अंगावर साखरेचे बारीक टोकदार कळे दिसतील. इथून पुढे हात आणखी हलका. जोरात चोळलं की काटे मोडतात आणि त्यांचाच भुगा होतो. दाणा वाढला की पाक एक चमचा करा. वाटीतला पाक रात्रीत दाणेदार झाला तर दोन चमचे पाणी घालून पुन्हा गरम करून घ्या.

बिघडतं ते बहुतेक तीन कारणांनी. आच मोठी झाली की साखर पिवळी पडते आणि तीळ करपतात. पाक दाट असला की काटा न येता नुसती पूड चढते. आणि हवा ढगाळ असली की दाणा कोरडाच होत नाही. जानेवारीत असे एक-दोन दिवस येतातच, त्या दिवशी परात झाकून ठेवा आणि काम थांबवा. केशर किंवा रंग घालायचा असेल तर शेवटच्या तीन-चार हातांतच, नाहीतर सगळा दाणा मळकट दिसतो. तयार हलवा हवाबंद डब्यात महिनाभर राहतो. घरात नवी सून असेल किंवा लहान बाळाचं बोरन्हाण असेल, तर दागिन्यांसाठी मोठे दाणे वेगळे काढा. त्यांना आणखी दोन दिवस द्यावे लागतात.

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतोच, पण एवढ्यावर थांबू नये, थंडीभर बाजरी असावी. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्याने जुनं पीठ कडवट होतं आणि त्याची भाकरी कडेने फाटते. कोमट पाण्यात एकेका भाकरीपुरतंच पीठ घ्या आणि तळहाताच्या टाचेने मऊ होईपर्यंत मळा. भाकरी फुगत नसेल तर बहुधा तवा पुरेसा तापलेला नसतो, किंवा वर पाणी सगळीकडे सारखं फिरलेलं नसतं.

ओली हळद, गूळ, माडगं

सांगलीच्या बाजारात हळदीची काढणी सुरू झाली की ओली हळद दिसायला लागते. पाव किलो ओली हळद, 100 ग्रॅम आंबेहळद, 50 ग्रॅम आलं. सोलून, धुऊन पूर्ण कोरडं करा आणि बारीक काप करा. हाताला आधी गोडं तेल चोळा, नाहीतर आठ दिवस बोटं पिवळी राहतात. ओट्यावर वर्तमानपत्र अंथरा. पाच-सहा लिंबांचा रस, अडीच चमचे मीठ, हव्या तर चार हिरव्या मिरच्या. काचेच्या बरणीत भरून दोन दिवस उन्हात, मग फ्रिजमध्ये. रस कापांच्या वर राहिला पाहिजे, कमी पडला तर आणखी लिंबू पिळा. ओल्या चमच्याने बुरशी येते, हे लोणच्याला लागतं तसंच इथेही.

कराड-शिराळ्याकडे गुऱ्हाळं चालू असतात. पहिलं आदण पहाटेच चढतं, तेव्हाच गेलेलं बरं. चुलवाणात चिपाडं जळत असतात, काहिलीत रस उकळत असतो आणि मळी काढून काढून तो पिवळा होत जातो. आधी काकवी, मग गूळ. गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी पाहतो, तो क्षण चुकवू नका, कारण पुढच्या काही मिनिटांत काहील उतरते. काकवीसाठी घरून स्टीलचा डबा न्या. प्लॅस्टिकची बाटली गरम काकवीने वाकते. काहिलीपासून चार हात लांब उभं राहा आणि मुलांचा हात धरून ठेवा, उकळता पाक अंगाला चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा फार खोल भाजतो.

तोच गूळ घरी माडग्याला. हुलगे भाजून जाडसर दळून ठेवा. तीन वाट्या पाण्यात तीन मोठे चमचे गूळ, किसलेलं आलं आणि चिमूटभर मीठ घालून उकळा. चार मोठे चमचे हुलग्याचं पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवून बारीक धारेने सोडा आणि ढवळत राहा. पीठ कोरडंच टाकलंत तर गुठळ्या होतात आणि त्या आतून कच्च्या राहतात. सात-आठ मिनिटं शिजलं की वरून थोडं दूध. संध्याकाळच्या तिसऱ्या चहाऐवजी हे घेऊन पाहा, झोपही चांगली लागते.

दिवेलागणीनंतर

शेकोटी अंगणात, गवताच्या गंजीपासून लांब, शेजारी बादलीभर पाणी ठेवून. टायर, प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड घालू नये, तो धूर शेकणाऱ्यांच्याच छातीत जातो. निखाऱ्याची शेगडी दारं-खिडक्या लावून झोपायच्या खोलीत कधीही ठेवू नका. त्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत जीव जातो.

शेकोटी विझली की आकाश बघायला दहा मिनिटं द्या. जानेवारीत रात्री साडेनऊच्या सुमारास मृग चांगला वर आलेला असतो. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. दक्षिणेकडे, हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी ठेवल्या तर त्यांच्याजवळ एकटाच ठळक तारा दिसतो, तो अगस्ती. साताऱ्यात तो पाहायला किल्ल्याच्या पायथ्यापासून दूर, मोकळ्या माळावर जावं लागतं.

पक्ष्यांसाठी एक सकाळ राखून ठेवा. खटावात मायणी आणि येरळवाडीचे तलाव आहेत, येरळवाडीला थंडीत रोहित पक्षी येतात. पाण्यापासून लांब थांबा, भडक कपडे नकोत, सूर्य पाठीशी घ्या. आणि ज्वारीच्या शेताजवळ राहत असाल तर सूर्यास्ताआधी अर्धा तास नुसतं वर बघा: भोरड्यांचे थवे धुरासारखे वळतात.

रथसप्तमीला हा क्रम संपवावा. अंगणात सूर्य उगवतो त्या दिशेला, तुळशीपुढे रथाची रांगोळी, समोर तीन-चार लहान गोवऱ्यांची आच आणि त्यावर मातीचं बोळकं. बोळकं आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेवलेलं असावं, कोरडं थेट आचेवर ठेवलं तर तडकतं. दूध पाऊण भरा, त्यात चमचाभर साखर आणि चार दाणे तांदूळ. कोवळं ऊन बोळक्यावर आलं की दूध उतू जाऊ द्यायचं. उरलेलं दूध प्रसाद म्हणून वाटा, आणि त्याच दुपारी वाकळांना शेवटचं ऊन द्या, घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि पेटी बंद करा.